चौथी बरणी

१

मालविकानं बरणीत काचेची कांडी सोडली आणि ती टक्कन वाजली.

तेलात कांडी बुडते. ती वाजत नसते.

तिनं दुसऱ्या बरणीवरचं मेणकापड सोडलं, आत कांडी घातली. टक्क. तिसरीत घातली. टक्क. दीड महिना राबून, गाळून, जपून ठेवलेला तिचा मधासारखा रस तिन्ही बरण्यांत दगड होऊन बसला होता. चौथीसाठी तिनं अंधारात हात पुढं केला, तर हाताला नुसती फळी लागली.

चौथी बरणी जागेवर नव्हतीच.

लातूरच्या एमआयडीसीत, हणमंतरावांच्या बाकांच्या कारखान्यामागं एक पत्र्याची शेड आहे. तिच्या कोपऱ्यातली ही बिनखिडकीची खोली. तिला सगळे अंधारखोली म्हणत. दाराला जाड कुलूप, आत काळा पडदा, पडद्यामागं फळी, फळीवर बरण्या. मालविका आठ दिवस हैदराबादला दिवा आणायला गेली होती. जाताना तिनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं होतं आणि आज सकाळी ते तसंच लागलेलं होतं. ओरखडासुद्धा नव्हता.

वार शनिवार. सोमवारी सकाळी तिला हणमंतरावांपुढं प्रयोग करून दाखवायचा होता. तो जमला नाही तर शेड रिकामी करायची आणि जूनपासून कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला उभं राहायचं, असा शब्द तिनं घरी दिलेला होता.

ती उंबऱ्यावर बसली.  मग तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "काका, तुम्ही या. भिंत पडलीय समजा, आणि या."

२

भगवानराव आले ते सायकलवरून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. मालविकाच्या घराशेजारचंच घर त्यांचं. भूकंपाला आता अकरावं वर्ष लागलं होतं, पण औसा-निलंग्याच्या बाजूला अजून लोक त्यांना पंचनामेवाले सायेब म्हणत. त्या सप्टेंबरात त्यांनी गावंच्या गावं पायी तुडवली होती. कोणती भिंत धरणीनं पाडली, कोणती आधीच पोखरलेली होती आणि कोणती मागाहून माणसानं ढकलली, हे ते ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसून सांगत. ते म्हणायचे, "पडलेली वस्तू खोटं बोलत न्हाई. ती कुठनं मोडली ते बघावं. कुणी मोडली ते मागनं कळतं."

ते बरणीपाशीही तसेच उकिडवे बसले.

"आधी मला हे सांग पोरी, हाय काय हे? अडाण्याला सांगावं तसं सांग."

मालविकानं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज हळूहळू जागेवर आला.

"हे आपलं करडईचं तेल आहे, काका. तेल म्हणजे लांब लांब धागे. त्या धाग्यांवर मी बारीक आकडे बसवलेत, एकमेकांत अडकतील असे. आणि त्यात चिमूटभर भुकटी घातलीय, ती उजेडाची वाट बघत असते. लाकडावर हात फिरवला आणि ऊन दाखवलं की भुकटी जागी होते, आकड्यात आकडा अडकतो आणि तेलाची काच होते. थिनरचा वास नाही, दोन-दोन दिवस वाळत घालणं नाही. वीज असली तर मी आणलेल्या दिव्याखाली चार क्षण, नसली तर आपलं लातूरचं ऊन आहेच."

भगवानराव ऐकत राहिले. पावसाच्या कृपेवर काटेरी अंगानं वाढणारी करडई, तिच्या तेलाला ही पोर उन्हाची भाषा शिकवत होती. गावात क्लास वाढले तसे बाक वाढले. नव्या बाकांच्या पॉलिशच्या भपकाऱ्यानं पोरं डोकी धरून बसत. ते बघून हिनं हे मनावर घेतलं होतं. त्यांना वाटलं, देवळातल्या मूर्तीला हात लावावा तसा या दगडाला लावावा.

आणि त्यांनी तो लावला. बोट बरणीत घातलं. दगड काठापासून जेमतेम अर्ध्या बोटावर होता. वरचा पापुद्रा किंचित चिकट लागला.

"तू भरताना किती भरली होतीस?"

"पाऊण. चारी बरण्या पाऊण. वर चार बोटं मोकळी."

"हं," एवढंच भगवानराव म्हणाले.

"कुणीतरी बरण्या उन्हात नेल्या, काका! तीन नासवल्या आणि एक पळवली. दुसरं काय असणार?"

"बरण्या चिनी मातीच्या का गं?"

"उजेड आत जाऊ नये म्हणून. लोणच्याच्या आहेत, गंजगोलाईच्या बाजारातून आणल्या."

"बरणीतनं ऊन जात न्हाई म्हणतेस. मग ऊन आलं तर कुठनं येईल? वरनंच ना?" त्यांनी कोपऱ्यातला हातोडा उचलला. "एक फोडू? तशीबी गेलीच हाय."

मालविकानं डोळे मिटून मान डोलावली. बरणीच्या खापऱ्या झाल्या आणि आतला पिवळा दगड जसाच्या तसा उभा राहिला. भगवानरावांनी त्याच्या बुडावर नख ओढलं, मग मधोमध, मग माथ्यावर. बूड टणक होतं, पोट त्याहून टणक होतं, आणि मऊ काय तो माथा.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "ही भिंत उन्हानं पाडलेली न्हाई."

३

पण मालविका ऐकण्याच्या पलीकडं गेली होती. तिच्या डोळ्यांपुढं दोन माणसं होती.

पहिला नरसिंग. उदगीरकडचा, साठीला टेकलेला, कारखान्यातला सगळ्यात जुना पॉलिशवाला. कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट पॉलिश चढवावं तर त्यानंच. त्यानं फिरवलेल्या फळीत तोंड बघून भांग पाडावा. मालविकाचा रस आला तर त्या बोळ्याचं काय, हा प्रश्न कारखान्यात सगळ्यांना पडलेला होता. ती भगवानरावांना घेऊन आधी त्याच्याकडंच गेली.

"या, पंचनामेवाले," नरसिंग हात पुसत म्हणाला. "माझाबी ढिगारा झालाय का ते बघायला आलाव?"

"तुमचं आणि बाईंचं पटत न्हाई म्हणतेत."

"का पटंल? चाळीस वर्सं हात घासला तेव्हा कुठं लाकडाला डोळा फुटला. ही पोर येती, करडीचं तेल लावती, उन्हात ढकलती, झालं म्हणती! मी बोललो तोंडावर. बोललो, बाई, तुमच्या तेलात भजी तळा."

"मग नासवलं का?"

नरसिंग पुन्हा हात पुसू लागला. भगवानरावांची नजर त्याच्या हत्यारांच्या पेटीवर गेली. पेटी जुनाट, कोपरे झिजलेले. झाकण मात्र असं झळकत होतं, की वरच्या पत्र्याची भोकं त्यात चांदण्यांसारखी दिसत होती.

मालविकाही ते बघत होती. तिचा आवाज चिरकला. "हे माझं आहे! हे स्पिरिट पॉलिश नाही, हा माझा रस आहे! नरसिंगमामा, तुम्ही?"

नरसिंगनं पेटी मागं सरकवली. दरवाज्यातून तेवढ्यात दुसरा आवाज आला.

"आणि माझं काय? माझ्यावर नाही का संशय?"

राघवेंद्र उभा होता. मालविकाचा कॉलेजपासूनचा जोडीदार, या शेडीतला अर्धा वाटेकरी. अंधारखोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडं असे. आणि त्यानं गेल्याच आठवड्यात क्लासचं नेमणूकपत्र घेतलं होतं. ते त्यानं मालविकाला सांगितलं नव्हतं. तिला ते हैदराबादच्या बसमध्ये तिसऱ्याकडून कळलं होतं.

"तू सांगायचं तरी होतंस, राघव."

"तू दिवा आणायला निघाली होतीस. कोणत्या तोंडानं सांगू?" तो भगवानरावांकडं वळला. "काका, मी आठ दिवस भोकरला बहिणीच्या लग्नात होतो. किल्ली करगोट्याला होती. हो, क्लासला जातोय, माझी हिंमत संपली. पण हे बघा, कपाटात तिची वही आहे. सगळी कृती त्यात, मापासकट. मला चोरायचं असतं तर वही चोरली असती. बरणी कोण चोरतं? आणि चोरणारा उरलेल्या तीन कशाला नासवेल?"

"बरोबर बोललास," भगवानराव म्हणाले. "कुलपाला दोनच किल्ल्या. एक हैदराबादला गेलेली, एक भोकरला. म्हंजे कुलूप लागल्यावर आत कुणीच गेलं न्हाई."

"मग बरणी गेली कुठं?" मालविका ओरडली. "भिंतीतून?"

भगवानराव पेटीपाशी बसले होते. ते नरसिंगच्या पेटीवरून तळवा फिरवत होते, मायेनं, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"नरसिंगमामा, हे कधी केलं?"

"झाला महिना," नरसिंग खाली बघत म्हणाला. "बाई ब्रश झटकून टाकतेत ना डब्यात, तेवढंच निथळून घेतलं. म्हणलं, बघू तरी पोरीच्या हाताला काय गुण हाय." त्यानं नाक ओढलं. "चोरी म्हणा पायजे तर. पर खोटं कशाला बोलू? असा डोळा मला चाळीस वर्सांत फोडता आला न्हाई."

मालविका वाकून ते झाकण बघू लागली.

"आता चहा घेऊ," भगवानराव म्हणाले. "चहावालीला कुणी काहीच विचारलं न्हाई अजून."

४

चांगुणाबाई शेडीच्या मागं नळापाशी होती. शेड झाडणं, चहा करणं, भांडी घासणं, तेल गाळायला फडकं धरणं, ही तिची कामं. भूकंपात तिचं गाव गेलं, घर गेलं, घरातली माणसं गेली. ती लातूरला आली ती दोन लुगडी आणि एक बरणी घेऊन. राख आणि वाळूनं पातेली घासता घासता ती गुणगुणत होती. भगवानराव कोपऱ्यावरच थांबले.

"भरली गं बरणी, तिला काठोकाठ तेल,
लेकीच्या संसाराची कधी सुकू नये वेल..."

नळाच्या कट्ट्यावर साखरेची बरणी होती, चहाची होती, आणि तिसऱ्या बरणीत पाणी घालून सदाफुलीची फांदी ठेवलेली होती. सकाळी आल्या आल्या भगवानरावांनी ती फांदी बघितली होती आणि छान आहे म्हणून पुढं गेले होते. आता त्यांनी बरणी वाकवून आत बघितलं.

बरणी आतून झळकत होती. नरसिंगच्या झाकणासारखी.

"चांगुणाबाई, ही बरणी कुठली हो?"

"पोरीचीच की! मोकळी झाली म्हणून घासली." तिनं पदरानं घाम टिपला. "पर काय जिन्नस हाय की ओ सायेब! आतला चिकटा काय निघंना. साबणानं न्हाई, सोड्यानं न्हाई. म्हणलं वाळू दे, तोंड वर करून उनात ठिवली. तर वाळून हे असं! मग आठ दिस राखेनं घासलं, वाळूनं घासलं, विटकरीनं घासलं. माझी बोटं झिजली, हिला चरा न्हाई. शेवटी म्हणलं, ऱ्हा बाई, फुलं घिऊन बस."

मागं पावलं वाजली. मालविका येऊन उभी राहिली होती. बरणीवरची नावाची चिठ्ठी धुतली गेली तरी बरणीच्या कानाला तिनं बांधलेला सुताचा तुकडा तसाच होता.

"मावशी! ही मोकळी कधी झाली?"

"तू हैदराबादला गेलीस त्याच दिशी की. तूच म्हणलीस ना, मावशे, बरण्यांची तोंडं बांध, उजेड जाऊ दिऊ नको. मी लाल दिव्यात बांधली, त्यानं तेल जागं हुत न्हाई म्हणून. तू मागनं येऊन कुलूप घातलंस."

"मी पडदा सारून बघितलं नाही," मालविका स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "आत उजेड जाईल म्हणून."

"तोंडं बांधलीस," भगवानराव पायरीवर बसत म्हणाले, "आणि अजून काय केलंस, चांगुणाबाई?"

चांगुणाबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या हातातलं पातेलं थांबलं.

"का ओ? काय चुकलं का माझं?"

५

"चार बरण्या, चारी पाऊण," भगवानराव जमिनीवर काडीनं रेघा ओढत म्हणाले. "चार पाऊण म्हंजे किती?"

"तीन," राघवेंद्र म्हणाला, आणि जीभ चावून थांबला.

"तीन. काठोकाठ. चौथी मोकळी. चोरी झालेलीच न्हाई. मला दगड काठापाशी दिसला तिथंच खटकलं. पाऊण भरलेली वस्तू गोठून वर कशी चढंल? उलट आक्रसून अर्धं बोट खाली बसलीय. पर भरल्यानं ती गोठावी का, हे माझ्या अकलेबाहेरचं. ते तू सांग, पोरी. चार बोटं मोकळी का ठेवत होतीस?"

मालविका उत्तर द्यायला गेली आणि तिचा हात कपाळाला लागला.

"हवेसाठी," ती म्हणाली. "काका, हवेसाठी! ते आकडे आपणहून अडकायला बघतच असतात. म्हणून मी त्यात एक राखणदार घालते, त्यांना धरून ठेवणारा. पण तो एकटा टिकत नाही, त्याला हवेची सोबत लागते. तेलात मुरलेली हवा संपत येते, वरची चार बोटं ती पुरवत राहतात. काठोकाठ भरलं, वरून मेणकापड आवळलं, आणि वैशाखात पत्र्याखाली आठ दिवस ठेवलं... राखणदार गुदमरला. अंधारातच सगळं गोठलं. आतून गोठलं, म्हणून बूड टणक. माथ्याशी हवेचा अंश उरला, म्हणून तो मऊ. हे मला सकाळीच कळायला हवं होतं. मी माणसांकडं बघत बसले."

"दगडाकडं बघायचं सोडून," भगवानराव म्हणाले. "सगळेच तसं करतेत."

"मी मावशीला उजेडाचं सांगितलं. हवेचं सांगायचं राहूनच गेलं."

चांगुणाबाईला आता कळलं होतं. तिनं पातेलं बाजूला ठेवलं.

"मी नासवलं? पोरीचं दीड महिन्याचं मी नासवलं?" तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "अगं, अर्धी बरणी ठिवत न्हाईत कुणी! वारा शिरला की लोणचं बुरसतं. वर तेल तरंगंल असं काठोकाठ भरायचं आन् मेणकापडानं गच्च आवळायचं, मग वरीस जाऊ दे, ढळत न्हाई. आमच्या घराचा ढिगारा झाला तवा सगळं फुटलं. एकच बरणी साबूत निघाली, काठोकाठ भरलेली. त्या लोणच्यावर आमची आळी चार दिस तंबूत जेवली. सायेबांनी कागदावर लिवलं हुतं की."

भगवानरावांनी तिच्याकडं नीट बघितलं. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा चिखल, कुबट वास, आणि ढिगाऱ्याकडेला बरणी पोटाशी धरून बसलेली एक बाई. त्यांनी त्या दिवशी रकाना नसताना लिहिलं होतं: बरणी, नग एक, साबूत.

"लिवलं होतं," ते म्हणाले. "पर त्याच्याखाली अजून एक ओळ लिवली होती, चांगुणाबाई. घरमालकीण तीस तासांनी जिती निघाली."

चांगुणाबाईनं टपकणारा नळ आवळून बंद केला.

"हाव," ती म्हणाली. "तुळई आन् दगडाच्या मधी चार बोटं जागा ऱ्हायली हुती. तिथनं वारा येत हुता. तेवढ्यावर जगले." तिनं मालविकाकडं मान वळवली. "म्हंजे पोरी, तुझं तेल लोणच्यासारखं न्हाई. माझ्यासारखं हाय."

मालविका तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिचे राखेनं भरलेले हात तिनं आपल्या हातात घेतले.

सोमवारी हणमंतराव आले. कारखान्याचे मालक, आडव्या अंगाचे, बोलायला रोकठोक. दिवा जोडून तयार होता आणि वीज गेलेली होती. लावायला रसही नव्हता. मालविकानं सगळं खरं सांगितलं, कुणावर न ढकलता.

"मग मी बघायला काय आलो, बाई? तीन धोंडे?"

"मालक," नरसिंग पुढं झाला आणि त्यानं आपली पेटी बाकावर ठेवली. "हे बघा. ह्या पोरीचं तेल, माझा हात. महिना झाला, रोज हत्यारं आपटतो ह्याच्यावर."

हणमंतरावांनी झाकण उन्हाकडं तिरकं धरलं. मग खिशातून कर्कटक काढलं. क्लासची पोरं बाकावर नावं कोरतात ती याच अवजारानं, म्हणून ते कुठलंही पॉलिश यानंच पारखत. टोक रोवून त्यांनी जोरानं रेघ ओढली. कर्कटक सटकलं. पुन्हा ओढली. अंगठ्यानं पुसलं, बघितलं. केसाएवढी खूण दिसली, तीही तिरक्या उन्हातच.

"हिकडं या मालक," चांगुणाबाईनं फुलं काढून ती बरणी पुढं केली. "हितं आठ दिस विटकर चालवलीय म्या. तुमचं कर्कटक काय घिऊन बसलाव!"

हणमंतराव आधी बरणीत डोकावले, मग हसले, मग त्यांनी ते झाकण पुन्हा हातात घेतलं.

"नवं तेल करायला किती दिवस?"

"दीड महिना."

"क्लास सुरू झाल्यावरची बाकांची दुसरी खेप ह्याची करू. पहिली नरसिंग नेहमीसारखी करील. आणि नरसिंग, दुसरीला हात तुझाच. तेल हिचं." ते निघता निघता वळले. "शेडीला कुणी हात लावायचा न्हाई."

राघवेंद्र क्लासला गेला. पण जाताना किल्ली करगोट्यातून सोडून त्यानं मालविकाच्या हातात दिली, आणि मालविकानं ती चांगुणाबाईच्या.

मृगाच्या सुमाराला नवा रस तयार झाला. त्या दिवशी भगवानराव सहज शेडीत आले, तर अंधारखोलीचं दार लावलेलं होतं. आत लाल दिव्याच्या उजेडात चांगुणाबाई बरण्या भरत होती. प्रत्येक बरणी पाऊण झाली की ती आपली चार बोटं आत आडवी धरून माप बघायची, झाकण सैल ठेवायची, आणि वर साधं काळं फडकं हलक्या हातानं बांधायची. ओठांवर तीच ओवी होती, दाराबाहेर ऐकू येत होती. शब्द तेवढे बदलले होते.

"भरली गं बरणी, काठ चार बोटं ठेवा,
आत निजल्या तेलाला वारा थोडा लागू द्यावा..."

भगवानराव आत गेले नाहीत. दार उघडलं तर आत उजेड गेला असता.